कॅम्पर व्हॅनची ऑनिंग: उघडून बघू नका, मिटून बघा

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं आणि पुनरुक्ती काढलीये.)

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय. "व्हॅन घेतली, आत गादी टाकली, शेगडी बसवली. आता ऑनिंग कुठली घेऊ?" इथले जर्मनीतले मराठी मित्र विचारतात, आणि हल्ली पुण्याहून, नाशिकहूनही मेसेज येतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा म्हटलं, एक अख्खा भागच करून टाकू.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात ओळख. मी बीटेक करून इकडे आलो, स्टुटगार्टला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्याकडे एक जुनी फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर आहे आणि शनिवार-रविवार खपून तिच्या आतलं सगळं काम घरीच केलंय. ऑनिंग विकणं हा काही माझा धंदा नाही, त्यामुळे जे वाटतं ते मोकळेपणाने बोलता येईल.

आधी ऑनिंग म्हणजे काय ते सांगतो. व्हॅनच्या सरकत्या दारावर बसवलेलं, बाहेर ओढून काढायचं कापडी छप्पर. कोकणातल्या घराला जशी पडवी, तशी ही व्हॅनची पडवी. माझ्या व्हॅनच्या आत जेमतेम चार चौरस मीटर जागा आहे. ऑनिंग २.६ मीटर लांब आणि २ मीटर बाहेर येते, म्हणजे आणखी पाच चौरस मीटर सावली. घर एका झटक्यात दुपटीहून मोठं होतं. चपला बाहेर राहतात, चहा बाहेर होतो, पावसात दार उघडं ठेवता येतं. ज्यांनी चार दिवस पावसात व्हॅनमध्ये काढलेत त्यांना दार उघडं ठेवता येण्याची किंमत कळेल.

आता मुद्द्याचं. लोक ऑनिंग निवडताना तीन गोष्टी बघतात: कापड किती जाड आहे, आकार किती मोठा आहे, आणि उघडायला किती सोपी आहे. माझं म्हणणं असं, की सगळ्यात आधी चौथी गोष्ट बघा: मिटायला किती सोपी आहे? आणि मिटणारा माणूस म्हणजे तुमच्या घरातला सगळ्यात कमी ताकदीचा माणूस, तोही एकटा, असं धरून चाला. आमच्या धंद्यात नवीन व्हर्जन लाइव्ह करण्याआधी विचारतात, गडबड झाली तर मागे कसं यायचं? तोच प्रश्न इथे विचारायचा.

का, तर ऑनिंग ही छत्री नाहीये, शीड आहे. आपण ती ऊन आणि पाऊस डोळ्यांसमोर ठेवून विकत घेतो, पण तिची खरी परीक्षा वारा घेतो. थोडं गणित करू, घाबरू नका, अकरावीच्या फिजिक्सपलीकडे जाणार नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. माझ्या पाच चौरस मीटर कापडावर वारा थेट आदळतोय असं धरून ढोबळ हिशेब केला, तर ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात आठेक किलोचा जोर येतो. ताशी ३६ किलोमीटरला ३३ किलो. आणि ताशी ७२ किलोमीटरच्या झोताला जवळपास १३० किलो. म्हणजे दोन धडधाकट माणसं त्या कापडाला लोंबकळल्यासारखं. आणि हा जोर नेहमी वरूनच येतो असं नाही. वारा खालून शिरला तर छप्पर वर उचललं जातं. पायांत ठोकलेल्या मेखा उपटतात आणि अख्खी ऑनिंग गाडीच्या टपावर उलटी पडते.

ही कल्पना नाही. इटलीतल्या गार्डा तलावाच्या उत्तर टोकाला, रिवा आणि तोर्बोले या गावांच्या बाजूला, हे उन्हाळ्यात बघायला मिळतं. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना? जमीन लवकर तापते, पाणी उशिरा, म्हणून दिवसा वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो. गार्डाला तेच होतं, फक्त दोन्ही बाजूंनी डोंगर असल्यामुळे वारा नळीतून फुंकल्यासारखा येतो. पहाटे आणि सकाळी उत्तरेकडून येतो त्याला तिथे 'पेलेर' म्हणतात. मग मध्ये शांतता. आणि दुपारी दक्षिणेकडून सुरू होतो तो 'ओरा'. विंडसर्फिंग करणारे लोक युरोपभरातून याच वाऱ्यासाठी तिथे येतात. ज्या वाऱ्यावर माणसं पाण्यावरून उडत जातात, त्याच वाऱ्यात बाकीचे लोक ऑनिंग उघडी टाकून पोहायला जातात.

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा इकडे आले होते, तेव्हा त्यांना घेऊन आम्ही गार्डाला गेलो होतो. एका दुपारी मी, बायको आणि बाबा गावात गेलो. आईचा गुडघा दुखत होता म्हणून ती ऑनिंगखाली पुस्तक घेऊन बसली. आम्ही परतलो तेव्हा ओरा सुरू झाला होता आणि पलीकडच्या मोठ्या कॅम्परची ऑनिंग अर्धी उचललेली होती. एक पाय हवेत गरागरा फिरत होता. ॲल्युमिनियमचा पाय, टोकाला धातूचा तळ, आणि तो फिरत होता नेमका माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. ते कुटुंब तलावावर गेलेलं. आजूबाजूचे तिघं-चौघं जण मिळून आम्ही ती धरली, मेखा काढल्या, कशीबशी गुंडाळली. एक बाहू वाकलाच. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. त्यांच्या लहान मुलीची खुर्ची मात्र तिथेच होती.

आणि आमची? आमची मिटलेली होती. आई आत बसून कैरीचं पन्हं करत होती. मी विचारलं, "आई, तू एकटीने मिटलीस?" तर म्हणाली, "अरे, पलीकडच्या झाडाची पानं उलटी व्हायला लागली. म्हटलं, आता गुंडाळावं. त्यात काय एवढं?"

त्यात एवढंच होतं, की ऑनिंग घेतानाच आम्ही ती आईला मिटता येईल का हे बघितलं होतं. तिची उंची पाच फूट, उजवा खांदा थोडा आखडलेला. त्या वेळी ती भारतात होती, त्यामुळे दुकानात तिच्याएवढ्याच उंचीच्या माझ्या बायकोला सांगितलं, उजवा हात कमरेच्या वर न नेता मिटून दाखव. दुकानदाराने आमच्याकडे विचित्र नजरेने बघितलं, बघू दे. तीन मीटरची मोठी ऑनिंग त्या परीक्षेत नापास झाली, २.६ मीटरची पास. सावली थोडी कमी मिळाली. मला तो सौदा मान्य आहे.

आता प्रकार बघू, याच कसोटीवर.

पहिला, साधं कापड. एका कडेला जाड दोरी शिवलेली असते, ती गाडीवरच्या पट्टीच्या खाचेत सरकवायची, समोर दोन खांब, दोर, मेखा. शे-दोनशे युरोत येतं, वजन काही किलो, घरी नेऊन वाळत घालता येतं. उघडायला दहा-पंधरा मिनिटं. पण वाऱ्यात मिटताना एक मेख काढली की दुसरा खांब पडतो, म्हणून दोन माणसं लागतात. आठवड्यातून एकदा वापरणार असाल, दोघं नेहमी बरोबर असाल, तर उत्तम. उगाच जास्त खर्च करू नका.

दुसरा, कॅसेट. गाडीच्या कडेला लांबट पेटी, आत गुंडाळलेलं कापड, हँडल फिरवलं की बाहेर येतं. दोन बाहू कोपरासारखे उघडतात, खाली दोन पाय. पैसे बरेच, बसवण्यासकट हजार युरोच्या घरात किंवा पुढे, आणि वीसेक किलो वजन कायम गाडीवर. पण सराव झाला की एका माणसाला दोन-तीन मिनिटांत मिटता येते. रोज गाव बदलणाऱ्यांसाठी हीच. माझी हीच आहे.

तिसरा, ड्राइव्ह-अवे. हा खरं तर तंबूच, गाडीला जोडलेला. गाडी सोडवून फिरायला जायचं, तंबू जागेवर उभा. काहींत खांबांऐवजी हवा भरायच्या नळ्या असतात. एकाच ठिकाणी आठवडाभर राहणार, मुलं आहेत, सामान बरंच आहे, तर याच्याइतकं सुख नाही. पण हा पटकन मिटायचा प्रकारच नाही. हा वाऱ्यात उभाच राहणार, म्हणून याचे सगळे दोर पहिल्या दिवशीच, आकाश निरभ्र असतानाच ताणून बांधायचे. "नंतर बांधू" चालत नाही. आणि घेण्याआधी जमिनीपासून गाडीवरच्या पट्टीपर्यंतची उंची मोजा. हे तंबू उंचीच्या गटांत विकले जातात. ट्रान्सपोर्टरसारख्या बसक्या गाडीचा तंबू उंच टपाच्या ड्युकाटोला चालत नाही. जोडपट्टीची जाडीही मोजा, ४ मिलिमीटर की ६. दोन मिलिमीटरच्या फरकाने तंबू खाचेत सरकतच नाही.

चौथा, २७० अंशांची. एका बिजागरीवर पंख्यासारखी उघडते, गाडीची बाजू आणि मागचं दार दोन्ही झाकते. एसयूव्हीवाल्यांची आवडती. उघडायला मजा, पण क्षेत्रफळ खूप, म्हणजे मघाचं गणित आणखी कडक. काही पायांशिवाय उभ्या राहतात असं सांगितलं जातं. शांत हवेत राहतील. वारा आला की पाय लावा नाहीतर मिटा.

आता वापरायचं कसं.

उघडताना आधी वारा कुठून येतोय ते बघा. शक्यतो गाडी अशी उभी करा की ऑनिंग वाऱ्याच्या आडोशाला येईल, गाडीच भिंतीचं काम करते. मग एक मीटरभर बाहेर काढा, पाय उतरवा, नंतर पुढचं उघडा. पूर्ण उघडल्यावर पाय सोडून द्यायचे नाहीत, लगेच मेखा ठोका. गाडीच्या पट्टीत पाय अडकवायची सोय असते, ती पावसाळी दिवसांसाठी ठीक, वाऱ्यासाठी नाही.

पाऊस येणार असेल तर एक पाय दुसऱ्यापेक्षा बराच खाली करा. पाणी एका कोपऱ्यातून पागोळीसारखं गळून जायला हवं. नाहीतर मध्ये खळगा तयार होतो. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा लिटर, दहा किलो. पाच सेंटिमीटर साचलं तर पन्नास किलो, आणि वजन वाढलं की खळगा आणखी खोल होतो, त्यात आणखी पाणी. मध्ये आडवा लावायचा एक दांडा मिळतो, तो जरूर घ्या. आणि तिरकी झड येत असेल तर नुसतं छप्पर काय करणार? कोकणात पडवीला झापं बांधतात ती काय उगाच? ऑनिंगलाही बाजूचे पडदे मिळतात. पण पडदे लावले की वाऱ्याला पकडायला आणखी कापड मिळतं, हे लक्षात ठेवा.

मिटायचं कधी? माझा नियम साधा आहे. धूळ आणि कागद उडायला लागले, बारीक फांद्या हलायला लागल्या, की समजा वारा ताशी २० ते २८ किलोमीटर झाला, ब्यूफोर्ट मापनात चार. तिथे मिटायची. छोटी झाडं अख्खी डुलायला लागेपर्यंत थांबलात तर वारा पाचवर, ताशी २९ ते ३८ किलोमीटरवर गेलेला असतो, आणि तेव्हा एकट्याचं काम उरत नाही. जागेवर कोणी नसेल तर मिटायची. आणि रात्री झोपताना मिटायची, आकाशात एकही ढग नसला तरी.

या रात्रीच्या नियमावरून बाबांशी माझी रोज जुंपायची. "अरे, वारा आहे कुठे? सकाळी पुन्हा उघडायचीच ना?" मी म्हणायचो, "बाबा, तुम्ही झोपल्यावर पानांकडे कोण बघणार?" ते कुरकुरत हँडल फिरवायचे. पण फिरवायचे. तिसऱ्या रात्रीपासून मला सांगावं लागलं नाही.

ओली ऑनिंग मिटावी लागली तर मिटा, त्याने काही बिघडत नाही. मात्र घरी पोचल्यावर शक्य तितक्या लवकर उघडून पूर्ण वाळवा. गुंडाळलेल्या ओल्या कापडाला बुरशी धरते, आणि बुरशीचे काळे ठिपके सहसा जात नाहीत. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण. ब्लीच नको, जोराच्या फवाऱ्याचं मशीनही नको.

दोन धोक्याच्या गोष्टी सांगतो, इथे नीट ऐका. पहिली: कॅसेटच्या बाहूंमध्ये ताणलेल्या स्प्रिंगा असतात. यूट्यूबवर बघून घरी टोकाच्या टोप्या काढायला जाऊ नका. बाहू सुटला तर हात मोडेल एवढी ताकद असते त्यात. दुसरी, जिवावरची: बंद पडद्यांच्या आत किंवा ड्राइव्ह-अवे तंबूत कोळशाची बार्बेक्यू कधीच नेऊ नका. ऊब मिळावी म्हणून नाही, विझत आली म्हणूनही नाही. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. गॅसची शेगडीही उघड्यावरच, कापडापासून लांब. व्हॅनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. ऑनिंगच्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही.

नियमांचंही बघा. जर्मनीत प्रवासात थकवा आला तर गाडी पार्क करायची परवानगी असलेल्या जागी, गाडीत झोपून ताजंतवानं होऊन पुढे जायला मुभा आहे. पण ऑनिंग उघडली, खुर्च्या मांडल्या, की ते पार्किंग राहत नाही, कॅम्पिंग होतं. स्पेनमध्येही धागा हाच: चाकांशिवाय जमिनीला काही टेकलेलं नाही आणि गाडीच्या कडेबाहेर काही उघडलेलं नाही, तोवर ते पार्किंग. म्हणजे ऑनिंगचं हँडल फिरवलं की कायद्याच्या नजरेत तुमची गाडी बदलते. कॅम्पिंगच्या जागी उघडा, पार्किंगमध्ये नको.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी. तुमच्यापैकी बरेच जण ईकोवर काम करताय. तिला दोन्ही बाजूंना सरकती दारं आहेत, त्यामुळे मोह होईल कुठेही बसवायचा. डावी बाजूच घ्या. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते, ऑनिंग रहदारीपासून लांब उघडली पाहिजे. किनाऱ्यावर मुक्काम असेल तर दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचा हिशेब गार्डासारखाच करा, आणि वाळूत साध्या मेखा धरत नाहीत हे विसरू नका. वाळू भरलेल्या पिशव्या पुरून त्यांना दोर बांधा. आणि जून ते सप्टेंबर वाळवायला ऊन कुठून आणणार? म्हणून पावसाळ्यात फिरणार असाल तर काढून घरात, पंख्याखाली वाळत घालता येणारं साधं कापड मला महागड्या कॅसेटपेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं.

निघताना एक सवय लावून घ्या. गाडी सुरू करण्याआधी खाली उतरून कॅसेटवर हात फिरवायचा. नीट बंद आहे? दोन्ही टोकं बसलीयेत? हँडल आत ठेवलंय? दहा सेकंदांचं काम आहे. हायवेवर मागून येणाऱ्यांसाठी ते करायचं.

तर मंडळी, दुकानात गेलात की विक्रेता हसतमुखाने ऑनिंग उघडून दाखवेल. सावली किती छान पडते ते दाखवेल, कापडाचे रंग दाखवेल. सगळं बघा. मग त्याला बाजूला उभं करा, हँडल आपल्या आईच्या, नाहीतर तिच्या उंचीच्या कोणाच्या तरी हातात द्या, आणि घड्याळ लावा. जी ऑनिंग त्या हातांनी तीन मिनिटांत मिटेल, ती तुमची.

भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून फिरा.